जीभ नावाचा कॉम्प्युटर

कोणाच्याही कीबोर्डला हात लावण्याआधी थोरली तो स्पिरिटने पुसून घ्यायची. बँक असो, शाळा असो की वकिलाचं ऑफिस, आधी पिशवीतून बाटली निघायची, मग कापूस, मग नाक मुरडून एकेक बटण पुसणं, आणि त्यानंतर काम. ऑफिसांमधल्या नेटवर्कच्या तारा टाकण्यात आणि बिघाड शोधण्यात तिची वीस वर्षं गेली होती. या वीस वर्षांत माणसाच्या जातीबद्दल तिचं मत काही फारसं चांगलं झालेलं नव्हतं. माणूस कीबोर्डवर खातो, कीबोर्डवर शिंकतो, त्याच बोटांनी कान कोरतो आणि वर कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून तक्रार करतो.

त्यातही तोंड म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. चावलेलं पेनाचं टोपण, कपाच्या काठावरचा ओठांचा डाग, बोलताना उडणारी थुंकी, यातलं काहीही दिसलं की तिला पुढचा घास जात नसे. आणि नशिबाची थट्टा अशी, की तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने धंदा काढला तो तोंडांचाच.

"जगात एवढे धंदे पडलेत," थोरली म्हणायची, "आणि तुला लोकांच्या खरकट्या तोंडातलाच सापडला?"

"तोंड कुठे येतं इथे, ताई? नुसते दात येतात," धाकटी हसून म्हणायची. तिचे स्वतःचे दात सुंदर होते, एकसारखे आणि पांढरेशुभ्र.

ते दात म्हणजे थोरलीचीच कमाई होती. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि थोरली चौदा. धाकटीच्या मागे उभं राहून, आरशात बघत, आकडे मोजत तिला दात घासायला थोरलीनेच शिकवलं. दुधाचे दात हलायला लागले तेव्हा मात्र तिची हिंमत झाली नाही. शेजारच्या काकूंनी ते काढले, आणि थोरली दाराबाहेर कानांवर हात ठेवून उभी राहिली. आत पोर रडत होती आणि आपण बाहेर उभ्या होतो, हे तिला अजून लागून राहिलं होतं.

डॉक्टरांना नकली दात बनवून देणारी धाकटीची लॅब एका अरुंद रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर होती. खोल्या तीन. पहिलीत धाकटीचं टेबल आणि स्कॅनर, दुसरीत कारागिराचं टेबल आणि दातांवर बसवायच्या कॅपा कातून काढणारं मशीन, तिसरीत सामान. सगळीकडे प्लॅस्टरची बारीक पूड, आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा गोडसर, उग्र वास, जो घरी गेल्यावरही केसांत राहायचा. दुसऱ्या खोलीच्या एका भिंतीला छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्या फळ्यांवर ओळीने जबडे मांडलेले होते, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर टाकलेला. थोरली त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

कारागिराला सगळे मामा म्हणायचे, जरी ते कुणाचेच मामा नव्हते. साठी ओलांडलेला माणूस. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे दात घडवले होते आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही शिल्लक नव्हता. काम करताना कवळी टोचते म्हणून ती ते काढून टेबलावरच्या वाटीत पाण्यात ठेवायचे. ती वाटी दिसू नये म्हणून थोरली त्यांच्याशी बोलताना छताकडे बघायची, आणि मामा मुद्दाम वाटी तिच्या बाजूला सरकवायचे.

इथलं काम चालायचं ते असं. डॉक्टर एका ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून पेशंटला चावायला लावतात. लगदा घट्ट झाला की ट्रे काढून घेतात. त्यात प्रत्येक दाताच्या जागी एक खड्डा उमटलेला असतो, त्याला माप म्हणतात. पूर्वी मामा त्या खड्ड्यांत प्लॅस्टर ओतून दात वर काढायचे. आता माप स्कॅनरखाली ठेवलं जायचं आणि खड्ड्यांचे दात करायचं काम मामा स्क्रीनवर एका बटणाने करायचे. त्याला ते 'उलटवणं' म्हणायचे.

लॅबमधलं नेटवर्क वर्षभरापूर्वी थोरलीनेच बसवलं होतं. पाच कॉम्प्युटर, पाच निळ्या तारा, आणि सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो दिव्यांचा डबा. कॉम्प्युटरांची नावं मामांनी ठेवली: सुळा, पटाशी, दाढ, उपदाढ, आणि सामानाच्या खोलीतला जुनाट, मनात येईल तेव्हा चालणारा, तो अक्कलदाढ. त्या दिवशी स्कॅनर जुळवून घ्यायला दोन माणसांची मापं हवी होती. मामांच्या तोंडात दात नव्हते. उरल्या बहिणी.

"मी तो लगदा तोंडात घेणार नाही," थोरली म्हणाली होती. "जीव गेला तरी नाही."

"राहू दे. ताईच्या वाटणीचंही माझंच घ्या, मामा," धाकटी म्हणाली आणि दोनदा चावली. संध्याकाळी निघताना थोरलीने, कुठेही नवीन काम केलं की करायची तसं, तिथल्या सगळ्या फाइलींची एक प्रत स्वतःच्या डिस्कवर घेतली. पहिल्या दिवसाची प्रत. अशा प्रतींनी तिला आजवर अनेकदा तारलं होतं.

आणि आता, वर्षानंतर, बुधवारी सकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, जमेल तर आजच ये. आमच्या फाइली आपोआप बदलतायत."

"फाइली आपोआप बदलत नाहीत. कुणीतरी बदलतं आणि मग कबूल करत नाही. तू अशी काय बोलतेयस? तोंडात काय आहे?"

"ये तर खरी."

थोरली दहा वाजता पोचली. धाकटीने दार उघडलं ते तोंडावर तळहात धरून. थोरलीने तो हात खाली घेतला. वरचा पुढचा एक दात नव्हता. त्याच्या शेजारचाही नव्हता. छत्तीस वर्षांची, अंगाने धडधाकट बाई, आणि हसू बघावं तर म्हातारीचं. थोरलीने नजर हलवली नाही.

"कधी झालं हे?"

"पहिला तीन आठवड्यांपूर्वी. दुसरा आठवड्यापूर्वी. दुखलं नाही, रक्त नाही, काही नाही. सकाळी उठले तर उशीवर पडलेला." धाकटी पुन्हा तोंड झाकत म्हणाली. "तीन डॉक्टरांना दाखवलं. हिरड्या उत्तम आहेत म्हणतात. रक्त तपासलं, हाडं तपासली. काही सापडत नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला तोंडाचं काही सांगितलं की तू दोन दिवस जेवत नाहीस."

हे खरंच होतं, आणि त्यामुळे थोरलीला जास्तच राग आला. "बरं. आधी फाइलींचं बघते. मग तुला मोठ्या हॉस्पिटलात नेते. आजच."

"फाइलींचंही तेच आहे हो, थोरल्या बाई," मामा दारातून म्हणाले. आज त्यांनी वाटी लपवून ठेवली होती, कवळी तोंडात होती, आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "या, दाखवतो."

लॅबमध्ये एक पद्धत होती. दर सोमवारी, पहिलं काम घेण्याआधी, मशीन नीट कातंय ना हे बघायला मामा त्यावर एक जबडा कातून काढायचे. नेहमी एकच जबडा, धाकटीचा, त्या पहिल्या मापाचा. फाइल तीच, त्यामुळे कातलेला तुकडाही तसूभर बदलता कामा नये. मामा प्रत्येकावर तारीख टाकून ते खिडकीखालच्या फळीवर ठेवायचे. पन्नासएक जबडे ओळीने मांडलेले होते, आणि शेवटचे चार सोडले तर सगळे एकसारखे होते.

"हा बघा. या तारखेच्या सोमवारी पुढचा दात आलाच नाही. मला वाटलं, मशीनचं पातं गेलं." मामांनी तुकडा तिच्या पुढे धरला. तिने तो कापसात धरून घेतला. "पुढच्या सोमवारी तसाच. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन दात नाहीत. कुणी हात लावला नाही फाइलीला. मी नाही, धाकट्या बाईंनी नाही."

"तोंडातले गेल्यावर कुणीतरी नवीन स्कॅन घेतला असेल."

"तारखा वाचा ना."

थोरलीने वाचल्या. मग धाकटीला विचारून पुन्हा वाचल्या. पहिला दात पडला तो बुधवारी. तो ज्यात नव्हता तो जबडा त्याच्या दोन दिवस आधी कातलेला होता. दुसऱ्याचंही तसंच, आधी जबड्यातून गेला, मग तोंडातून. तिने फळीवरचा शेवटचा तुकडा उचलला. तो परवाचा होता. त्यात डावीकडचा सुळाही नव्हता.

धाकटीचा डावा सुळा अजून जागेवर होता. तो तिने आत्ताच पाहिला होता.

योगायोग, ती स्वतःला म्हणाली. कुणीतरी चेष्टा करतंय, आणि बाकीचं योगायोग. चेष्टा करणारा शोधून काढणं हे तर तिचं रोजचं काम होतं. तिने मशीनशेजारचं रिकामं टेबल पुसलं, लॅपटॉप उघडला, एक निळी तार डब्याला जोडली आणि स्क्रीनवर काळी खिडकी उघडून कमांड लिहिली.

ती कमांड म्हणजे वर्गातली हजेरी. नेटवर्कवर एक हाक जाते, की इथे फाइली वाटून घेणारं कोण कोण आहे, आणि जो तो कॉम्प्युटर आपलं नाव आणि पत्ता सांगतो. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती नावं एकाखाली एक. थोरलीला हे फार आवडायचं. सगळ्या कामात एवढंच एक स्वच्छ होतं.

सुळा. पटाशी. दाढ. उपदाढ. अक्कलदाढ.

क्षणभर थांबून सहावी ओळ आली.

जीभ.

"मामा, हे नाव तुम्ही ठेवलंत?"

मामा चष्मा वर करून वाकले. "नाही बुवा. जीभ कशाला ठेवीन मी? दात आहेत ते."

"नवीन काही जोडलंय? प्रिंटर, कॅमेरा, कुणाचा लॅपटॉप?"

"काही नाही."

यंत्राचा कारखान्यातला नंबर जिथे दिसतो त्या रकान्यात जीभच्या पुढे नुसती शून्यं होती. त्यात काही विशेष नाही, काही कॉम्प्युटर अशी शून्यंच कळवतात. तिने दुसरी कमांड दिली, तू काय काय वाटतोस असं विचारणारी. उत्तर आलं. एकच फोल्डर, त्याला कुलूप नाही. फोल्डरमध्ये दोन फाइली: धाकटी-वरचा आणि धाकटी-खालचा. मामांचं मशीन दर सोमवारी फाइल सुळा नावाच्या कॉम्प्युटरवरून नाही, इथून उचलत होतं. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता.

फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ तिने पाहिली. दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात तेवढेच वाजले होते. तिने पुन्हा विचारलं. दहा एकोणपन्नास. मग पन्नास. वरचा, खालचा, वरचा, खालचा. कुणीतरी त्या फाइलींवरून सारखं फिरत होतं. दात हलायला लागला की जीभ जशी त्याला स्वस्थ बसू देत नाही, तसं.

हा विचार डोक्यात आला आणि थोरलीच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसलं, कडवट. तिने स्वतःची जीभ दातांपासून लांब धरली.

"उघडून बघू या का?" मामा म्हणाले.

"तुम्ही बघा. मला नका दाखवू." स्क्रीनवर फिरणारा गुलाबी जबडा तिला कधीच बघवत नसे.

मामांनी आपल्या टेबलावर फाइल उघडली. "तीन नाहीत," ते तिकडून म्हणाले. मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "थोरल्या बाई, हा चौथा माझ्यासमोर झिजतोय."

पहिल्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

धाकटी दारात उभी होती. तिने मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर डावा सुळा होता, मुळासकट, लांबलचक आणि स्वच्छ.

"ताई," ती म्हणाली. "शेजारचाही हलतोय."

थोरलीने काय करावं? तिने रुमाल काढून तो दात त्यात घेतला आणि रुमालाची घडी घातली. मामांना तिने खाली पिटाळलं, मिळेल ती गाडी घेऊन या म्हणून. धाकटीला परत पहिल्या खोलीत खुर्चीवर बसवून तोंडात कापूस दिला आणि ती डब्याकडे गेली. हॉस्पिटल गाठायला अर्धा तास लागणार होता. जीभ मात्र मिनिटामिनिटाला फिरत होती.

डबा दुसऱ्या खोलीत, जबड्यांच्या भिंतीपाशी होता. तिच्या लॅपटॉपची तार सोडून पाच तारा असायला हव्या होत्या. सहा होत्या. सहावीही निळी, तिच्याच भेंडोळ्यातली वाटावी अशी. ती फळ्यांच्या मागे जाऊन भिंतीतल्या एका भोकात शिरली होती. ते भोक थोरलीने पाडलेलं नव्हतं.

तिने तार धरली. तार कोमट होती.

तिने ओढली. आधी हलेना. मग आतून कुणीतरी पकड सैल करावी तशी ती सावकाश यायला लागली, हातभर, दोन हात, चार हात. भिंत तर वीतभरच जाड होती. शेवटी टोक बाहेर आलं. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं. टोकापासून कोपरभर तार बुळबुळीत होती, तिच्यावर पांढरट थर होता, आणि भोकाच्या काठापासून टोकापर्यंत चिकट लाळेचा एक धागा लोंबत होता, तुटत नव्हता. वास आला. सकाळी उठल्यावर न धुतलेल्या तोंडाला येतो तो, उबट आणि आंबूस.

थोरली कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत ओकली. मग उरलेलं सगळं स्पिरिट तिने हातांवर ओतलं आणि कातडी झोंबेपर्यंत चोळलं. तिला त्या भिंतीची, त्या जबड्यांची, या सगळ्या धंद्याची इतकी घाण वाटली की रडू आलं. मग ती परत लॅपटॉपशी बसली.

हजेरी. सुळा, पटाशी, दाढ, उपदाढ, अक्कलदाढ. जीभ.

तिने डब्याची वीज काढली. सगळे दिवे विझले. स्वतःच्या लॅपटॉपची तार उपटली. बिनतारी जोडणीही बंद केली. आता तिचा लॅपटॉप जगात एकटा होता, त्याची हाक ऐकायला कुणी असणं शक्य नव्हतं.

तिने कमांड दिली.

जीभ.

एकच ओळ, लगेच, न थांबता.

पलीकडच्या खोलीत टक्कन आवाज झाला. काहीतरी लहान आणि कडक फरशीवर पडलं होतं.

"ताई गं."

"आले. आले हं. जागची हलू नकोस."

घाबरल्यावर माणूस येतं ते करतो. थोरलीला एवढंच येत होतं: परकं फोल्डर सापडलं की त्यात लिहिता येतं का ते बघायचं. तिने एक रिकामी फाइल टाकून पाहिली. गेली. दार सताड उघडं होतं. म्हणजे जे बिघडलंय त्यावर चांगलं टाकता येणार होतं.

चांगलं तिच्याजवळ होतं. पहिल्या दिवसाची प्रत. डिस्कवर तो फोल्डर मिळाला, त्यात त्याच दोन फाइली, वर्षभरापूर्वीच्या तारखेच्या, धाकटीच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असतानाच्या.

उघडून बघायला हवं होतं. कुठल्याही कामात ती आधी उघडून बघायची. पण तोंडात अजून ओकारीची चव होती, आणि स्क्रीनभर तो ओला गुलाबी जबडा बघणं तिच्याने होण्यासारखं नव्हतं. नाव बरोबर होतं, तारीख बरोबर होती.

जुन्यावर नवीन टाकू का, कॉम्प्युटरने विचारलं. हो, तिने लिहिलं.

पहिली गेली. दुसरी जायला वेळ लागला. मोठा घोट गिळताना लागतो तेवढा.

मग तिने हजेरी घेतली. उत्तर नाही. पुन्हा घेतली. उत्तर नाही. डब्याची वीज लावली, दिवे एकेक करून पेटले, तिने तार जोडली. सुळा, पटाशी, दाढ, उपदाढ, अक्कलदाढ. ती सहाव्या ओळीची वाट बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. सहावी ओळ आली नाही.

"ताई," पलीकडून धाकटीचा आवाज आला, जरा मोकळा. "थांबलं गं. हलायचं थांबलं."

थोरलीने दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि ती हसली. जिन्यात मामांची पावलं वाजली. ते धापा टाकत आत आले.

"गाडी उभी आहे खाली. चला."

"मामा, गेली ती! यादीतून गेली. मी जुनी फाइल परत टाकली. पहिल्या दिवसाची."

मामा हसता हसता थांबले. "पहिल्या दिवसाची म्हणजे?"

"म्हणजे पहिल्या दिवसाची. मी संध्याकाळी प्रत घेतली होती ना, तीच."

"पण ती तर मापाची," मामा म्हणाले. "लगद्याची. दात मी दुसऱ्या दिवशी सकाळी केले." त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. "उलटवलीत ना?"

तिने कमांड दिली. पाच नावं. पुन्हा दिली. पाच. फोल्डर नाही, पत्ता नाही, शून्यंसुद्धा नाहीत. यादी इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

ती पहिल्या खोलीत गेली.

धाकटी खुर्चीवर शांत बसली होती. फरशीवर, तिच्या पायांशी, दात पडले होते. पुष्कळ होते. तिला ते ठाऊक आहेत असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. कापूस मांडीवर पडला होता, कोरडा.

"दुखत नाही आता," ती म्हणाली. शब्द नीट येत होते, पण प्रत्येकामागे एक हलकी फुंकर होती, बाटलीच्या तोंडावर वाजते तशी. "नुसता वारा लागतोय. आतून."

"तोंड उघड," थोरली म्हणाली.

या वेळी ती दाराबाहेर गेली नाही. तिने बहिणीची हनुवटी धरली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. हिरड्या गुलाबी होत्या, निरोगी, तीन डॉक्टरांनी सांगितलं तशा. वर आणि खाली, दाताच्या जागी दाताच्याच आकाराचा खड्डा होता. पटाशीच्या जागी पटाशीचा, दाढेच्या जागी दाढेचा चौकोनी, खाचाखोचांसकट, गुळगुळीत काठांचा. रक्ताचा टिपूस नव्हता. तिने उजेड एका खड्ड्यावर नेमका धरला. बोटाच्या पेरापेक्षा खोल असायचं त्याला काही कारण नव्हतं. उजेड आत गेला आणि कुठेच टेकला नाही.

तिला शिसारी आली, पायापासून डोक्यापर्यंत. हनुवटीवरचा हात मात्र तिने काढला नाही.

"काय दिसतंय, ताई?"

"काही नाही गं. थोडी सूज आहे."

"चिकट चिकट झालंय सगळं. चूळ भरते आधी. मग जाऊ."

धाकटी उठली. कोपऱ्यातल्या नळाखाली तिने पेला भरला, मोठा घोट तोंडात घेतला, गाल फुगवून खळखळवला आणि बेसिनवर वाकली. मामा दारात उभे होते. थोरली तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

धाकटी वाकूनच होती. बेसिनमध्ये काहीच पडलं नाही.

तिने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. "मी गिळलं नाही," ती म्हणाली.

थोरलीने नळ बंद केला.

मग, बऱ्याच वेळाने, तिच्या उघड्या तोंडातून, खूप खोलवरून, पाणी पडल्याचा आवाज आला.